मुलीच्या अंगणासाठी हॉथॉर्न निवडताना



मी निवृत्त पायदळ अधिकारी. चौतीस वर्षं नोकरी झाली, आता महूला राहतो. वनस्पतिशास्त्र शिकलेलो नाही. बी.ए. केलं इतिहास घेऊन, आणि पुढे सगळं आयुष्य नकाशा, बूट आणि बदलीचे आदेश यांत गेलं. तेव्हा आज मी झाडावर बोलणार म्हटल्यावर माझ्या जुन्या युनिटमधले लोक हसतील. हसू देत. इंग्लंडातल्या एका घराच्या मागच्या अंगणात एकच झाड लावायचं होतं आणि ते निवडायला मला दहा महिने लागले. एवढ्या वेळात आमचे इंजिनियर लोक दोन पूल बांधून मोकळे होतात.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. माझ्या बायकोने नोकरीच्या काळात अकरा सरकारी घरांत बागा केल्या. जिथे बदली होईल तिथे सामान उघडायच्या आधी ही कुदळ मागवायची. आणि अकरापैकी एकाही बागेतलं झाड तिने मोठं झालेलं पाहिलं नाही. दोन-अडीच वर्षं झाली की ट्रंका भरायच्या. फळ खाल्लं ते नंतर आलेल्या साहेबाच्या मुलांनी. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती, माझीच होती. निवृत्तीनंतर महूला स्वतःचं घर झालं, पण तिला फार वेळ मिळाला नाही. ती गेली त्याला आता पाच वर्षं होतील.

मुलगी आणि जावई लेस्टरला असतात. आई गेल्यावर वर्षभराने त्यांनी तिथे जुनं घर घेतलं. दोन घरं एका भिंतीला जोडलेली असतात, तसलं. पुढे चिमूटभर जागा आणि मागे लांबट अंगण, साधारण अठ्ठावीस फूट रुंद आणि साठ फूट लांब. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, मागे आईच्या नावाचं एक झाड लावायचंय. कुठलं ते तुम्ही ठरवा." मी म्हटलं, पारिजातक. ती म्हणाली, "बाबा, इथे बर्फ पडतं."

एप्रिलमध्ये सहा महिन्यांच्या व्हिसावर गेलो. मे महिना लागला आणि त्या देशातल्या रस्त्यांच्या कडा पांढऱ्या झाल्या. मैलोन्मैल काटेरी कुंपणं, आणि त्यांच्यावर दुधाचं भांडं उतू गेल्यासारखा फुलोरा. मी जवळ जाऊन पाहिलं तर ओळखीचं वाटलं. आम्ही राणीखेतला होतो तेव्हा डोंगरउतारावर घिंगारूची काटेरी झुडपं असायची. अशीच पांढरी फुलं, पावसाळ्यानंतर लालभडक बारीक फळं. त्यांचं कुळ एकच, गुलाबाचं. सफरचंद, नासपती, घिंगारू आणि हा हॉथॉर्न ही सगळी चुलत भावंडं. शास्त्रीय नाव क्रेटेगस.

इंग्रज लोक त्याच्या फुलाला नुसतं 'मे' म्हणतात, महिन्याच्या नावाने. गंमत अशी की 1752 साली त्यांनी पंचांग बदललं आणि सप्टेंबरातले अकरा दिवस वगळले. दोन तारखेनंतर एकदम चौदा. त्याआधी एक मे हा दिवस ऋतूच्या हिशेबाने अकरा दिवस पुढे पडायचा, म्हणून मे दिनाच्या सणाला हे फूल हमखास मिळे. आता एक तारखेला ते बऱ्याच ठिकाणी कळीतच असतं.

इतिहासाचा विद्यार्थी आहे, तेव्हा आणखी एक सांगून घेतो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात गावाची सामाईक जमीन कायद्याने वाटून खासगी केली गेली आणि तिच्या सीमांवर मुख्यतः याच झाडाची कुंपणं लावली. काटा भरपूर, वाढ जलद, छाटली की आणखी दाट. ज्या शेतकऱ्याची गाय काल चरत होती त्याला आज हे कुंपण आडवं आलं. समुद्रापलीकडे नॉर्मंडीत अशीच जुनी कुंपणं मातीच्या उंच बांधांवर उभी आहेत आणि 1944 च्या उन्हाळ्यात त्यांनी अमेरिकी रणगाडे अडवून धरले. रणगाडा बांधावर चढला की त्याचं पातळ पोट जर्मनांसमोर उघडं पडायचं. शेवटी क्युलिन नावाच्या एका सार्जंटने, जर्मनांनीच किनाऱ्यावर पुरलेले लोखंडी अडथळे कापून रणगाड्याच्या तोंडाला सुळे बसवले आणि कुंपणं फोडली. हा धडा आम्हाला नकाशावर शिकवला होता. ते कुंपण कोणत्या झाडाचं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. आणि आपल्याकडेही इंग्रजांनी मिठाच्या जकातीसाठी बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग यांचं काटेरी कुंपण उभं केलं होतं. ती जकात रेषा दोन हजार मैलांहून लांब होती, बुऱ्हाणपूरपर्यंत आलेली. ते कुंपण दाट करण्यात पुढाकार होता ह्यूम साहेबांचा, ज्यांनी पुढे काँग्रेसच्या स्थापनेत भाग घेतला. 1879 मध्ये ती रेषा मोडीत निघाली. असो. मूळ मुद्द्यावर येतो, नाहीतर आपला वेळ संपेल.

मुलीने हॉथॉर्न या नावाला लगेच होकार दिला. तिथली माती जड, चिकण. लेस्टरच्या त्या भागात फावडं मारलं की आपल्या माळव्याच्या काळ्या मातीची आठवण होते. पावसात चिखल, उन्हाळ्यात भेगा. हॉथॉर्नला अशी माती चालते. वारा चालतो, थंडी चालते, शहरातला धूर चालतो. उंची बेताची, वीस-पंचवीस फूट. लहान अंगणाला याहून सोयीचं झाड थोडंच.

पण हॉथॉर्न म्हणजे एक झाड नव्हे. आपण आंबा म्हणतो तेव्हा हापूस की रायवळ, हे सांगावं लागतं. तसंच हे आहे, आणि मी तिथेच घसरलो.

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही रोपवाटिकेत गेलो. दारातच एक झाड उभं होतं, कुंडीतलं, सात फूट उंच, आणि डोक्यापासून कमरेपर्यंत गडद गुलाबी-लाल फुलांनी भरलेलं. प्रत्येक फूल म्हणजे बटणाएवढा गुलाब. पाटी होती 'पॉल्स स्कार्लेट'. ही जात फार जुनी. 1858 मध्ये हर्टफर्डशरमधल्या एका बागेत दुहेरी गुलाबी फुलांच्या झाडाची एकच फांदी अचानक लाल फुलली. तिच्यापासून कलमं झाली आणि विल्यम पॉल नावाच्या रोपवाटिकावाल्याने ती बाजारात आणली. म्हणजे आज जगात जितके पॉल्स स्कार्लेट आहेत ते सगळे त्या एका फांदीचे तुकडे. ही गोष्ट ऐकून मी पुरताच विरघळलो. मुलगी म्हणत होती, "बाबा, जरा थांबू या, अजून बघू." मी म्हटलं, "बघायचं काय त्यात? आणीन तर हेच." रेकी न करता हल्ला करणाऱ्या लेफ्टनंटांना मी आयुष्यभर झापत आलो, आणि साठी उलटल्यावर स्वतः तेच केलं.

त्याच संध्याकाळी झाड लावलं. फोटो काढले, नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवले. लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली.

जूनच्या शेवटी पानांवर तपकिरी ठिपके आले. तो उन्हाळा पावसाळी होता. जुलैत पानं पिवळी पडली आणि ऑगस्टच्या मध्यावर झाड जवळजवळ बोडकं झालं. शेजाऱ्यांची झाडं हिरवीगार आणि आमचं काडीसारखं. रोपवाटिकेत फोन केला तर म्हणाले, पाणी कमी पडलं असेल. पाणी मी स्वतः घालत होतो, कमी पडायचं कारण नव्हतं. नंतर वाचून कळलं की हा पानावरच्या ठिपक्यांचा बुरशीरोग आहे, ओल्या उन्हाळ्यात येतो आणि पॉल्स स्कार्लेट त्याला फार लवकर बळी पडतं. झाड मरत नाही. दर मे महिन्यात पुन्हा फुलतंही. पण ऑगस्टमध्ये असं उभं राहतं. खाली पडलेली पानं गोळा करून बागेबाहेर टाकली तर पुढच्या वर्षी त्रास कमी होतो, एवढाच इलाज.

त्यापेक्षा मोठी गोष्ट मुलीने सांगितली. एका संध्याकाळी आम्ही दोघं मागच्या पायरीवर बसलो होतो. ती म्हणाली, "बाबा, तेव्हाच बोलणार होते, पण तुम्ही इतके खूश होतात. आई दुहेरी फुलं लावायचीच नाही. आठवतंय का?"

मला आठवेना. मंडळी, खरं सांगतो, मला आठवेना. मग तिने एकेक सांगायला सुरुवात केली. जास्वंद एकेरी. तगर एकेरी. कुणी दुहेरी तगरीची फांदी दिली तर ही शेजारच्या बाईंना देऊन टाकायची. का, तर दुहेरी फुलात मधमाशीला काही मिळत नाही. फुलातले पुंकेसरच पाकळ्या होऊन बसलेले असतात. पराग नाही, मधाकडे वाट नाही, आणि पुढे फळही जवळजवळ धरत नाही. पॉल्स स्कार्लेटचं नेमकं तेच आहे. म्हणजे मी बायकोच्या आठवणीसाठी झाड निवडलं आणि ते असं, की जे तिने कुंपणावरून शेजाऱ्याला देऊन टाकलं असतं. ती बागेत काय करायची ते मी चौतीस वर्षं ऑफिसातून येता-जाता पाहिलं होतं. थांबून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एक वही घेतली आणि रेकीला सुरुवात केली. रोज सकाळी दोन तास चालायचं. वाटेत दिसेल तो प्रत्येक हॉथॉर्न वहीत लिहायचा. रस्ता, उंची, घेर, पानांची तब्येत, काटे, फळ. लोकांना वाटलं असेल म्हातारा नगरपालिकेचा माणूस आहे. ऑक्टोबरपर्यंत वहीत चौऱ्याऐंशी झाडं झाली.

पहिला विचार साध्या रानटी पांढऱ्या हॉथॉर्नचा झाला, क्रेटेगस मोनोगायना. किडे, फुलपाखरं, पक्षी यांच्या दृष्टीने त्याच्याइतकं उपयोगी झाड तिथे विरळा. किंमतही नगण्य. पण शेजारच्या आजींच्या अख्ख्या कुंपणाला तोच होता. आमच्या बाजूने बाराही महिने दिसत होताच.

या आजी ऐंशीच्या पुढच्या. मे महिन्यात मी त्यांच्या कुंपणाची एक फुललेली डहाळी तोडून घरात फुलदाणीत ठेवायला निघालो होतो, तर त्या खिडकीतून ओरडल्या. घरात नेऊ नका, घरातलं माणूस जातं. मी थबकलो. त्यांना आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं. नंतर वाचलं की ही समजूत इंग्लंडभर आहे, आणि तिच्यामागे रसायनशास्त्र आहे. या फुलांच्या वासात ट्रायमिथिलअमाइन असतं, आणि शरीर कुजायला लागतं तेव्हाही तेच तयार होतं. पूर्वी माणूस गेला की दोन-तीन दिवस घरातच ठेवत. तो वास लोकांना पाठ होता. मी डहाळी नाकाशी नेली तेव्हा मलाही तो कुठेतरी ओळखीचा वाटला. कुठला, ते मुलीला सांगितलं नाही. डहाळी बाहेर कट्ट्यावर ठेवून दिली. वास उग्र नसतो, दहा फुटांवर जाणवतही नाही, पण बेडरूमच्या खिडकीखाली हॉथॉर्न लावू नका, एवढं मी नक्की सांगेन.

मग काट्यांचा प्रश्न. नातू तेव्हा चार वर्षांचा. वहीत मी कॉकस्पर थॉर्नला, म्हणजे कोंबड्याच्या नखीवरून नाव पडलेल्या अमेरिकन जातीला, पैकीच्या पैकी गुण दिले होते. शरद ऋतूत पानं अशी पेटतात की बघत राहावं. त्याचीच एक नातलग 'प्रुनिफोलिया', तिची चकचकीत पानं आणि केशरी-लाल रंग तर आणखी सरस. पण काटा दोन-दोन इंच, कॉकस्परचा त्याहूनही लांब. चेंडू त्यात गेला की तो फुटलेलाच बाहेर येणार, आणि मुलगा आत गेला तर डोळा. शिवाय त्या दोन्ही जाती आडव्या पसरतात, आमच्या रुंदीत मावणाऱ्या नव्हत्या. खोडल्या.

पूर्वेकडचा हॉथॉर्न, ओरिएंटॅलिस, करड्या मऊ पानांचा आणि मोठ्या फळांचा. एकच झाड पाहायला मिळालं, आवडलं, पण फळं पक्ष्यांनी की पोरांनी लवकर संपवलेली दिसली. मग 'बायफ्लोरा'. ग्लास्टनबरीचं ते प्रसिद्ध झाड, जे वर्षातून दोनदा फुलतं, वसंतात आणि पुन्हा हिवाळ्यात. त्याची डहाळी नाताळात राजघराण्याकडे पाठवायची प्रथा आहे. मुलगी यावर आठवडाभर अडून बसली होती. पण हिवाळ्यातली फुलं थोडी, आणि तीही हवा सौम्य असली तरच.

"पण तुला हिवाळ्यात फुलं कशाला हवीत?" मी विचारलं. "मे-जूनमध्ये अंगणात बसता येतं, तेव्हा फुलं हवीत ना?"

ती भांडी विसळत होती. पाठ माझ्याकडे. म्हणाली, "बाबा, मे-जून छानच असतो. त्याला झाड कशाला हवं? डिसेंबर-जानेवारीत इथे चार वाजता काळोख होतो. मी या सिंकपाशी उभी असते. तुमच्याकडे साडेनऊ वाजलेले असायचे. आईचा फोन यायचा."

मी काही बोललो नाही. उठलो, वही आणली आणि चौऱ्याऐंशी झाडं नव्याने तपासायला बसलो. यादी करताना मी प्रत्येक झाडाला त्याच्या सगळ्यात चांगल्या महिन्यावरून गुण दिले होते. तुकडी निवडताना असं कुणी करत नाही. कवायतीच्या मैदानावर सगळेच बरे दिसतात. जानेवारीत, सियाचिनला, तिसऱ्या आठवड्यात माणूस कसा वागतो, ते बघतात.

वहीत एकसष्ट ते अडुसष्ट क्रमांकाची झाडं होती. शाळेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आठ सारखी झाडं, नगरपालिकेने लावलेली. पावसाळी ऑगस्टमध्ये ठिपका नाही, पानं लांबट, जाड, पॉलिश केल्यासारखी. काटे शोधावे लागतील इतके थोडे. ऑक्टोबरच्या मध्यावर आजूबाजूची झाडं गळत होती तरी ही हिरवी, आणि चेरीएवढी फळं नुकती नारिंगी व्हायला लागली होती. नाव मला माहीत नव्हतं. तिथे फांद्या छाटणाऱ्या एका माळ्याला विचारलं. तो शिडीवरूनच म्हणाला, लाव्हालेई, कॅरिएरी जात. मी दोनदा स्पेलिंग विचारून घेतलं.

पूर्ण नाव 'क्रेटेगस लाव्हालेई कॅरिएरी'. संकर आहे, फ्रान्समध्ये झालेला. जूनमध्ये पांढरी, एकेरी फुलं, मध्ये लालसर पुंकेसर. पानं डिसेंबरपर्यंत टिकतात आणि मग तांबूस होऊन गळतात. आणि फळं राहतात. पुस्तकं म्हणत होती फेब्रुवारीपर्यंत. पण पुस्तकावर मी एकदा गेलो होतो, पाटीवरच्या गोष्टीवर भाळून. दुसऱ्यांदा नाही.

माझा व्हिसा संपत आला होता. मुलीला म्हटलं, झाड आत्ता घ्यायचं नाही. इथे उघड्या मुळांची झाडं नोव्हेंबर ते मार्च विकतात, आपल्याला वेळ आहे. तू दर रविवारी नातवाला घेऊन त्या रस्त्यावर जा आणि त्याच झाडाचा त्याच जागेवरून एक फोटो मला पाठव. तिने पाठवले. सोळा रविवार. नोव्हेंबरात पानं हिरवी, फळं केशरी. डिसेंबरात पानं उतरली. नाताळाच्या रविवारी नुसत्या काळ्या फांद्या आणि त्यांवर लालसर-केशरी फळांचे घोस. जानेवारीत बर्फाची रेघ प्रत्येक फांदीवर, फळं तशीच. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी निम्मी फळं शिल्लक, आणि फोटोत एक ब्लॅकबर्ड, म्हणजे आपल्या कस्तुराचा भाऊबंद, फळ चोचीत धरून बसलेला. पक्षी आधी इतर हॉथॉर्नची लहान मऊ फळं संपवतात, मग या मोठ्यांकडे वळतात. म्हणून ती टिकतात. मी महूहून उत्तर पाठवलं, "मंजूर. मागव."

आता लावण्याबद्दल, कारण परदेशात मुलं असलेले बरेच जण हे ऐकत असतील.

जागा आधी. हॉथॉर्न लहान दिसतो पण चिकण मातीतून पाणी भरपूर ओढतो. तिथल्या घरबांधणीच्या मार्गदर्शक नियमांत त्याची गणना जास्त पाणी ओढणाऱ्या झाडांत, ओक आणि विलोच्या रांगेत होते. अशी माती आटली की आकसते आणि पाया हलतो. महूच्या काळ्या मातीत ज्याने घर बांधलंय त्याला हे समजावून सांगायला नको. आम्ही घरापासून पंचेचाळीस फूट दूर जागा धरली, आजींच्या घरापासूनही तितकीच. पण स्वयंपाकघरातल्या सिंकसमोर उभं राहिल्यावर सरळ नजरेत येईल अशी. जावयाला तिथे काठी धरून उभं केलं आणि मुलीने खिडकीतून फोन धरून मला दाखवलं. डावीकडे दोन फूट, अजून एक, हां, थांब. शेजारी कुणाकडे नासपती किंवा सफरचंद आहे का, तेही पाहून घ्यावं. फायर ब्लाइट नावाचा जिवाणूरोग या कुळात एकमेकांना लागतो. 1957 मध्ये तो केंटमध्ये प्रथम सापडला, तेव्हापासून इंग्लंडात आहे.

खड्डा. आपल्याकडे तीन फूट खोल खणून शेणखत भरायची सवय. चिकण मातीत असा खड्डा म्हणजे हौद, हिवाळाभर पाणी साचून मुळं कुजतात. तिथे खड्डा रुंद करायचा, खोल मुळांपुरताच, आणि तीच माती परत भरायची. खोडावर कलमाचा जोड दिसतो, तो जमिनीच्या वर राहिला पाहिजे. शोभेचे हॉथॉर्न बहुतेक रानटी हॉथॉर्नच्या खुंटावर बांधलेले असतात. जोडाच्या खालून फुटवा आला की लगेच काढायचा, नाहीतर पाच वर्षांनी खुंट जिंकतो. आधाराची काठी खोडाच्या एक तृतीयांश उंचीची पुरे. खोडाला थोडं हलू द्यावं, हलल्यानेच ते जाड होतं. बुंध्याभोवती तीन फूट गवत नको. पहिले दोन उन्हाळे पाणी. बस. बाकी लाड करू नका.

पॉल्स स्कार्लेटचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. त्याच फेब्रुवारीत, झाड झोपेत असताना, जावयाने ते मुळासकट उचललं आणि कुंपणावरून आजींना दिलं. त्यांनी घरापुढे लावलं. दर मे महिन्यात सगळी गल्ली त्यांच्या दारात थांबते आणि दर ऑगस्टमध्ये आजी त्याला शिव्या घालतात. त्यांना ते आवडतं. प्रत्येक झाडाला त्याचा माणूस मिळावा लागतो.

आणि भारतातल्या मंडळींसाठी. पुणे, नागपूर, इंदूर, हैदराबाद, बडोदा इथे हॉथॉर्न लावायच्या फंदात पडू नका. त्याला खरा हिवाळा लागतो. थंडीशिवाय तो नीट जागाही होत नाही आणि झोपतही नाही. सिमला, राणीखेत, श्रीनगर या उंचीवर कुणी असेल तर करून बघा, पण मी तरी तिथे घिंगारूच लावीन, तो तिथलाच आहे. आणि आपल्या मैदानी भागात काटा, पांढरं सुवासिक फूल, फळ आणि पाखरं, चारही एकत्र हवी असतील तर दारात करवंद आहे. ते कुंपणाला लावायचं सोडून लोक मला हॉथॉर्नचं बी मागतात. ते बी रुजायला दोन हिवाळे लागतात, हे सांगितलं की मग गप्प बसतात.

लेस्टरच्या झाडाला पहिल्या जूनमध्ये फूल नव्हतं. दुसऱ्या जूनमध्ये दोन गुच्छ. गेल्या जूनमध्ये मुलीने फोन केला तेव्हा तिच्या आवाजावरूनच कळलं. नातू आता मोजता येतं म्हणून गुच्छ मोजत होता, एकतीसवर आला की चुकायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा. मधमाश्या होत्या. मला मोबाइलवर त्यांचा आवाज ऐकवायचा प्रयत्न झाला, मला वाऱ्याचाच आला.

हिवाळ्यात मग पहिल्यांदा फळं धरली. फार नाही, बावीस. डिसेंबरात एकदा इथे रात्री साडेनऊला मी फोन केला. हल्ली मीच करतो त्या वेळेला. ती सिंकपाशी होती. म्हणाली, बाहेर अंधारलंय पण शेजारच्या दिव्यात फळं दिसतायत, सतरा आहेत अजून. मी विचारलं, काठीला बांधलेला पट्टा सैल केलास का? खोड जाड झालं असेल, काचेल. ती म्हणाली, "बाबा, रविवारी करते." मी म्हटलं, रविवारी नको, उद्या सकाळी कर, उजाडल्यावर.